पुनर्विकासाआधीची लेझर मोजणी : काम चोख, कार्यादेश अपुरा

मुंबईतल्या जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्था पुनर्विकासाला निघाल्या की पहिला वाद विकासकाशी होत नाही, तो सभासदांमध्ये आपापसांत होतो, आणि तो बहुधा कार्पेट एरियाचा असतो. विलेपार्ले पूर्वेतील आमच्या संस्थेचे, म्हणजे तळमजला अधिक तीन मजले, सोळा सदनिका आणि साठच्या दशकातले बांधकाम असलेल्या इमारतीचे, यापेक्षा काही वेगळे झाले नाही. टेप लावून झालेल्या मोजणीत एकाच उभ्या रांगेतल्या, एकावर एक असलेल्या घरांची क्षेत्रफळे वेगवेगळी निघाली आणि सर्वसाधारण सभेत त्यावरून इतकी वादावादी झाली की शेवटी थ्रीडी लेझर स्कॅनिंग करून घेण्याचा ठराव मंजूर झाला. कार्यकारिणीचा सदस्य या नात्याने ते काम मी आरंभापासून पाहिले. सेवा देणाऱ्या कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्यांतला अर्धा दोष आमच्या कार्यादेशाच्या (वर्क ऑर्डरच्या) मसुद्याकडे जातो.

यंत्र तिपाईवर बसते. त्याच्या मधल्या खाचेत एक आरसा उभ्या वर्तुळात वेगाने फिरतो आणि त्याच वेळी यंत्राचे डोके सावकाश स्वतःभोवती फिरते, त्यामुळे आरशावरून बाहेर पडणारा अवरक्त किरण छत, भिंती, जमीन आणि फर्निचर रेघारेघांनी चाचपत जातो. किरण जिथे आदळतो तिथून त्याचा अंश परत येतो आणि जाण्यायेण्याला लागलेल्या वेळावरून अंतर काढले जाते. हे वाचायला सोपे आहे, परंतु प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर, म्हणजे एका नॅनोसेकंदात जेमतेम ३० सेंटिमीटर जातो, हे ध्यानात घेतले की ३ मिलिमीटरचा फरक ओळखण्यासाठी यंत्राला सुमारे २० पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या पन्नास अब्जाव्या भागाचा हिशेब ठेवावा लागतो हे कळते. काही यंत्रे थेट वेळ मोजत नाहीत. ती किरणाची तीव्रता ठरावीक लयीत कमीजास्त करतात आणि परतलेल्या लहरीची कला (फेज), म्हणजे त्या लयीतला तिचा टप्पा, किती सरकली यावरून अंतर ठरवतात. पद्धत कोणतीही असो, अंतर आणि दोन कोन मिळाले की त्या बिंदूचे अवकाशातले स्थान निश्चित होते, आणि असे लाखो बिंदू दर सेकंदाला जमा होतात. १९७१ मधल्या अपोलो १५ वरच्या आणि २००८ साली सोडलेल्या आपल्या चांद्रयान-१ वरच्या उपकरणांनी चंद्राच्या पृष्ठभागाचे चढउतार लेझरच्याच साहाय्याने मोजले, आणि मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटर मार्गाची पाहणीही हवेतून लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजण्याचे हेच तंत्र, वापरून करण्यात आली. त्यामुळे दीडखणी स्वयंपाकघर हे या तंत्राला अवघड जाऊ नये अशी आमची समजूत होती. ती पूर्णतः खरी ठरली नाही.

एका जागेवरून यंत्राला जेवढे दिसते तेवढेच ते मोजते. कपाटामागची भिंत, दरवाजाआडचा कोपरा आणि खुद्द तिपाईखालची जमीन त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. म्हणून प्रत्येक खोलीत, दाराच्या चौकटीत, जिन्याच्या प्रत्येक वळणावर तिपाई मांडून स्वतंत्र स्कॅन घ्यावे लागतात आणि नंतर ते संगणकावर एकमेकांशी जुळवावे लागतात. ही जुळवणी हाच या कामाचा खरा गाभा आहे. दोन स्कॅनमध्ये सामाईक दिसणाऱ्या पृष्ठभागांवरून सॉफ्टवेअर ती करते, आणि जिन्यासारख्या एकसारख्या दिसणाऱ्या जागी त्याची फसगत होऊ नये म्हणून भिंतींवर काळ्यापांढऱ्या चौकड्यांचे कागद चिकटवले जातात. आम्ही पाहिलेल्या दुसऱ्या एका कंपनीने हातात धरून चालत मोजण्याचे यंत्र सुचवले होते. ते चालता चालता स्वतःचे स्थान आणि भोवतालचा नकाशा एकाच वेळी ठरवत जाते, काम झपाट्याने उरकते आणि मोठ्या गोदामासाठी किंवा चाळीच्या लांब व्हरांड्यासाठी ते सोयीचेही आहे. मात्र प्रत्येक पावलाला साचत जाणारी बारीक चूक निस्तरण्यासाठी त्याला फिरून सुरुवातीच्या जागी यावे लागते, आणि तरीही अचूकता सेंटिमीटरच्या घरात राहते. चौरस फुटाच्या दशांशावरून भांडणाऱ्या संस्थेने तिपाईच धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोजणीला आलेली दोन मुले कामात तरबेज होती. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दार अर्धवट उघडूनच विचारले, "अहो दादा, या किरणांनी डोळ्यांना काही होत नाही ना?" त्यांतल्या एकाने यंत्राच्या बुडाशी असलेली 'क्लास १' ही पट्टी त्यांना दाखवली आणि म्हणाला, "नाही काकू, नेहमीच्या वापरात डोळ्यांना सुरक्षित असल्याशिवाय हा शिक्का मिळत नाही. तुम्ही फक्त पाच मिनिटं बाहेर थांबा, नाहीतर तुमचं भूत येईल नकाशात." ते भूत हा थट्टेचा विषय नव्हता. स्कॅन चालू असताना कोणी खोलीतून गेले तर त्याचे तुकड्यातुकड्यांचे आकार बिंदूंमध्ये उमटतात आणि ते पुसण्यात संगणकावर वेळ जातो.

माझी पहिली हरकत मात्र काकूंनी न विचारलेल्या गोष्टीबद्दल आहे. बिंदूंना रंग देण्यासाठी यंत्र प्रत्येक जागेवरून चारी बाजूंची छायाचित्रेही घेते. देवघर, वाळत घातलेले कपडे, औषधांच्या बाटल्या, उघड्या कपाटातले सामान, सगळे त्यात येते, आणि ते पुढे विकासकाच्या आर्किटेक्टपर्यंत जाणार असते. क्षेत्रफळासाठी या रंगांची काहीही गरज नाही. परतलेल्या किरणाच्या तीव्रतेवरून मिळणारे करडे चित्र त्यासाठी पुरेसे असते. कंपनीने ही बाब आपण होऊन सांगितली नाही. एका सभासदाने विचारल्यावर पुढच्या घरांमध्ये कॅमेरा बंद ठेवण्यात आला, आणि आधीची छायाचित्रे काढून टाकल्याचे पत्र आम्ही मागून घेतले. तसे करण्याने कामाचा वेळही कमी झाला, हे विशेष.

आता घरांच्या आत यंत्र कुठे अडते ते पाहू. जवळजवळ प्रत्येक घरात आरसा लावलेले लोखंडी कपाट होते. किरण आरशावर आपटून समोरच्या भिंतीवर जातो आणि त्याच वाटेने परततो, परंतु यंत्राला हे वळण समजत नाही; ते अंतर सरळ रेषेतच धरते. परिणामी आमच्या पॉइंट क्लाउडमध्ये, म्हणजे जमा झालेल्या सगळ्या बिंदूंच्या त्रिमितीय चित्रात, कपाटाच्या पाठीमागे, म्हणजे शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात, एक उलटी बेडरूम तयार झाली होती, पंख्यासकट. आरशावर जुनी चादर टाकली की प्रश्न मिटतो, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या मुलांनी तेच केले. बाल्कनीच्या सरकत्या काचांमधून किरण आरपार जातो, चकचकीत काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावरून तो भलतीकडेच उडून जातो आणि तिथे नकाशात भोक पडते. वस्तूंच्या कडांवरही गंमत होते: किरणाचा अर्धा ठिपका कपाटाच्या कडेवर आणि अर्धा मागच्या भिंतीवर पडला तर यंत्र त्या दोहोंच्या मधले, प्रत्यक्षात कुठेच नसलेले अंतर नोंदवते. ही सर्व त्रुटी-सूची अनुभवी माणसाला पाठ असते. प्रश्न असा की तुमच्या नकाशावर बसणारा माणूस तो आहे की नुकताच कामाला लागलेला एखादा नवखा.

यंत्राने जे दाखवले ते मात्र टेपने कधीच दिसले नसते. आमच्या इमारतीतली एकही खोली खऱ्या अर्थाने आयताकृती नाही. टेपवाला लांबी आणि रुंदी एकेकदा मोजतो, गुणाकार करतो आणि चारही कोपरे काटकोनी आहेत असे गृहीत धरतो. दहा बाय बाराच्या खोलीत दोन्ही मापांत एकेका इंचाची चूक झाली तर क्षेत्रफळात सुमारे १.८४ चौरस फुटांचा फरक पडतो. आपल्या भागातल्या दराने त्याला ज्याने त्याने गुणून पाहावे. वरखालच्या घरांच्या मापांतल्या तफावतीचे रहस्यही इथेच उलगडले. काही तफावत खरीच होती, कारण एका घरात भिंतींवर नव्याने जाड टाइल्स चढवल्या होत्या आणि दुसऱ्या घरात मधली भिंत थोडी सरकवून बांधली होती. उरलेली तफावत निव्वळ टेपची होती. आम्ही हातातल्या साध्या लेझर मीटरने काही खोल्यांची मापे पडताळली तेव्हा पॉइंट क्लाउडशी फरक काही मिलिमीटरचाच आला, आणि याबाबतीत कंपनीला पूर्ण गुण द्यायला हवेत.

तरीही एक गोष्ट आधी विचारून घ्यायला हवी होती, ती म्हणजे नकाशासाठी पॉइंट क्लाउडचा आडवा काप कोणत्या उंचीवर घेतला. जमिनीलगत घेतला तर स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) आड येते आणि निम्मी भिंत पलंग व कपाटांनी झाकलेली असते. कपाटांच्या वर घेतला तर भिंत मोकळी मिळते, पण जुनी भिंत ओळंब्यात नसेल तर वरचे माप आणि खालचे माप जुळत नाही. आमच्या बाबतीत काही घरांचा काप कमरेच्या उंचीवर आणि काहींचा माळ्याखाली घेतला गेला होता, कारण ज्याला जिथे भिंत दिसली तिथे त्याने घेतला. एकाच संस्थेतल्या घरांना दोन मापदंड लावणे हा ज्या वादासाठी यंत्र आणले त्याच वादाला पुन्हा दार उघडून देण्याचा प्रकार आहे. सांगितल्यावर त्यांनी सर्व घरांचे काप एका उंचीवर आणून नकाशे नव्याने दिले. त्यासाठी कोणाच्याही घरात पुन्हा जावे लागले नाही, आणि या सेवेचा सर्वांत मोठा फायदा मला हाच वाटतो: मोजणी एकदा होते, फेरमोजणी मात्र टेबलावर बसून हवी तितक्या वेळा करता येते.

सर्वाधिक वेळ गेला तो कार्पेट एरिया म्हणजे नेमके काय या प्रश्नावर, आणि त्याचे उत्तर कोणत्याही स्कॅनरकडे नसते. २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्यातल्या व्याख्येनुसार बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांचे शाफ्ट, सदनिकेच्या खास वापरातली बाल्कनी किंवा व्हरांडा आणि खुली गच्ची वगळायची असते, परंतु आतल्या विभाजक भिंतींनी व्यापलेली जागा धरायची असते. आमचे जुने करार १९६३ च्या मोफा (महाराष्ट्र सदनिका मालकी) कायद्याच्या वळणाचे, त्यांत भिंती वगळायच्या आणि बाल्कनी धरायची, पण वेगळी दाखवायची. आतली सहा इंची भिंत एकूण वीस फूट लांब असेल तर नुसत्या तेवढ्यानेच १० चौरस फुटांचा फरक पडतो, म्हणजे टेपच्या चुकीपेक्षा कितीतरी जास्त. कंपनीने पहिल्या तक्त्यात एकच आकडा दिला होता आणि तो कोणत्या व्याख्येचा हे लिहिले नव्हते. भिंतीच्या दोन्ही बाजू स्कॅन झालेल्या असल्याने जाडी त्यांच्याकडे तयारच होती. दोन रकाने द्यायला अर्ध्या दिवसाचे काम होते. आम्ही ते मागितले, त्यांनी दिले, पण मागावे लागले.

बंद केलेल्या बाल्कन्यांचा गुंता त्याहून मोठा. पार्ल्यात काय किंवा गिरगावात काय, गॅलरी आत घेऊन स्वयंपाकघर किंवा हॉल वाढवला नाही असे घर शोधावे लागते, आणि यंत्राला समोर फक्त एक सलग खोली दिसते. तळमजल्यावरच्या एका सभासदाचे म्हणणे होते की त्यांचा हॉल मूळचाच तेवढा आहे. पॉइंट क्लाउडचा उभा छेद काढल्यावर फॉल्स सीलिंगच्या एका उघड्या पट्टीतून वरची तुळई स्वच्छ दिसली, आणि ती वरच्या तिन्ही मजल्यांवर जिथे बाहेरची भिंत आहे बरोबर त्याच रेषेत होती. मूळ भिंत कुठे होती यावर त्यानंतर चर्चा उरली नाही. त्या सभासदांनीही ते मान्य केले, कारण पडद्यावर चारही मजले एकाच वेळी कापून दाखवले होते आणि कोणीतरी आपल्यावर डाव धरला आहे असे म्हणायला जागा नव्हती. टेपने घेतलेल्या मापावर असा विश्वास बसला नसता.

याच्या उलट, जिथे यंत्राला काही दिसलेच नव्हते तिथे नकाशा काढणाऱ्याने धीटपणा दाखवला. दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात पुस्तकांची कपाटे जमिनीपासून छतापर्यंत आहेत आणि त्यामागची भिंत एका चिरेतूनही दिसत नाही. तिथे शेजारच्या घराच्या बाजूने मिळालेला पृष्ठभाग घेऊन, भिंतीची जाडी अंदाजे धरून, रेषा ओढली गेली. अशा प्रसंगी दुसरा मार्ग नसतो हे मला मान्य आहे. परंतु ती रेषा इतर मोजलेल्या रेषांसारखीच ठळक आणि अखंड काढली होती, आणि ती अंदाजाची आहे हे आम्हाला कच्चे बिंदू उघडून पाहिल्यावर कळले. अंदाजाने काढलेली रेषा तुटक असली पाहिजे, हे अट म्हणून लिहून घ्यावे.

इमारतीच्या बाहेरचे काम पावसाळ्यात ठेवू नये. हवेतल्या थेंबांवरून किरण परततो आणि नकाशात आकाशभर ठिपके दिसतात, ओल्या भिंतीवरून परतणारा प्रकाश क्षीण होतो, आणि गच्चीवरचे साचलेले पाणी निव्वळ काळे भोक म्हणून येते. आमच्या बाजूच्या मोकळ्या जागेत आंब्याचे झाड आहे आणि शेजारच्या इमारतीशी अंतर बेताचे, त्यामुळे खालून पाहता वरच्या मजल्यांच्या भिंती फारच तिरप्या कोनात येत होत्या. शेजारच्या संस्थेच्या गच्चीवरून स्कॅन घेण्याची परवानगी मिळाली म्हणून निभावले. विमानतळाजवळच्या आमच्यासारख्या भागाला आणखी एक सूचना. नव्या इमारतीच्या उंचीच्या परवानगीसाठी भूखंडाची समुद्रसपाटीपासूनची उंची लागते, आणि स्कॅनरचा नकाशा स्वतःपुरता कितीही अचूक असला तरी तो समुद्रसपाटीला बांधलेला नसतो. त्यासाठी वेगळे सर्वेक्षण करून नियंत्रणबिंदू, म्हणजे उंची पक्की ठरवलेले संदर्भबिंदू, घ्यावे लागतात. ते दरपत्रकात होते असे आम्ही समजत होतो. नव्हते, आणि त्याचे पैसे वेगळे पडले. तसेच या स्कॅनला संरचनात्मक लेखापरीक्षण समजू नये. जिन्याचा कलंडलेपणा आणि स्लॅबचा झोल त्यात दिसतो, पण काँक्रीटच्या आत गंजलेली सळई लेझरला दिसत नाही.

अंतिम सुपूर्दगीत आम्हाला प्रथम पीडीएफ नकाशे आणि क्षेत्रफळाचा तक्ता एवढेच मिळाले, सोबत काही दिवसांनी बंद होणारी एक लिंक. याला मी अपुरी सेवा म्हणेन. संस्थेने पैसे मोजले ते त्या नकाशांसाठी जेवढे, तेवढेच कच्च्या बिंदूंसाठीही, कारण उद्या विकासक बदलला किंवा एखादा सभासद न्यायालयात गेला तर पुरावा म्हणून तेच उपयोगी पडतील. बिंदूंची फाइल ई-५७ या सर्वमान्य स्वरूपात, कॅड नकाशे, आणि कोणता स्कॅन कोणत्या स्कॅनशी किती मिलिमीटरच्या फरकाने जुळला याचा अहवाल, हे सगळे हार्ड डिस्कवर घ्यावे. तो जुळवणीचा अहवाल न देणाऱ्याची 'मिलिमीटर अचूकता' जाहिरातीपुरती समजावी, कारण यंत्राची अचूकता आणि अख्ख्या इमारतीच्या नकाशाची अचूकता या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

खर्च टेपच्या मोजणीच्या सुमारे दुप्पट आला. काहीजण विचारतात की २०२० च्या आयफोन १२ प्रोपासून फोनमध्येच लायडार आले आहे, मग एवढा खर्च कशाला. फोनचा पल्ला सुमारे पाच मीटरचा असतो आणि सोफा खोलीत मावेल का हे पाहायला तो उत्तम आहे. पण सोळा घरे, जिना आणि बाहेरच्या भिंती एका सलग नकाशात बसवणे त्याच्या आवाक्यातले नाही. पागडीच्या एकट्या खोलीला किंवा ज्या संस्थेत मापांवर एकमत आहे तिला या सेवेची गरज नाही, आणि विकणारे काहीही म्हणोत, तिने ती घेऊ नये. जिथे वाद आहे तिथे मात्र मी ती निःशंकपणे सुचवीन, एवढीच अट की व्याख्या, कापाची उंची, तुटक रेषा, छायाचित्रे आणि कच्चा डेटा यांबाबतच्या अटी यंत्र दारात येण्याआधी कार्यादेशात लिहिलेल्या असाव्यात. आम्ही त्यांतली एकही लिहिली नव्हती, फक्त बिलाची शेवटची वीस टक्के रक्कम रोखून ठेवली होती. ती हार्ड डिस्क आमच्या सल्लागार आर्किटेक्टच्या संगणकावर उघडली आणि त्यांनी दोन सदनिकांची मापे स्वतः काढून पाहिली, त्यानंतर अदा केली.